अंगाला धरत न्हाई

माझा जन्म आष्टीचा. परतूर तालुक्यातली आष्टी, बाजाराचं गाव. आमचं घर बौद्धवाड्यात, विहाराच्या मागच्या अंगाला. बाप अन् माय दोघं बी दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे. मी सातवीपर्यंत शिकलो, मंग बापानं मला जालन्याजवळच्या एका नर्सरीत कामाला ठुलं. तिथं मोसंबीची कलमं तयार व्हायची. आधी पिशव्या भरल्या, पाणी घातलं, अन् मंग हळूहळू डोळे भरायला शिकलो, ते आजपर्यंत तेच करून राह्यलो. लग्नानंतर बिऱ्हाड बी जालन्यातच केलं.

डोळा भरणं म्हणजे काय, ते सांगतो. जंबेरीचं, म्हणजे जंगली लिंबाचं रोप असतं, त्याला आम्ही खुंट म्हणतो. चांगल्या मोसंबीच्या झाडाची काडी आणायची, तिच्यावरचा एक डोळा, कोंब फुटतो ती जागा, सालीसगट सोलून काढायचा, खुंटाच्या सालीला चीर पाडायची, त्या चिरंत डोळा सरकवायचा अन् वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. थोडे दिवस गेले की पट्टी सोडून बघायचं. हिरवा असला तर धरला, काळपट पडला तर गेला. अन् आत पाणी शिरलं, वास आला, तर वाट बघत बसायचं न्हाई, जल्दी सोडायचं, वारा लागू द्यायचा, न्हाई तर डोळ्यापायी खुंट बी कुजतो. एवढीच माझी विद्या. पण लोक म्हणायचे, उत्तमच्या हातचा डोळा वाया जात न्हाई, अन् मला त्याचा गर्व होता, आता न्हाई कशाला म्हणू.

मी तसा बोलणारा माणूस न्हाई. आमची कांता भोकरदनकडची, तिच्या माहेरी समदे बडबडे, लग्न झाल्यावर तिनं आईला सांगितल्तं म्हणं, माणूस चांगला हाय पण आवाज येत न्हाई. मला बरं वाटायचं कमी बोलण्याचं. लोक म्हणायचे समजदार हाय. आता काय सांगू तुम्हाला, गप्प बसणं अन् समजदार असणं याच्यात लई फरक असतो, पण लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

आम्हाला एकच लेकरू, सुजाता. ती शाळेत जायला लागली होती, त्या साली जयंतीला तिला फ्राक घेतला. जुन्या जालन्यातल्या कापडाच्या गल्लीतून मीच आणला, निळा, चकचकीत, नायलॉनचा. कांता म्हणली होती सुती आणा, मी म्हणलं सुती तर रोजचंच हाय, सणाला चमकलं पाहिजे. मिरवणुकीच्या दिवशी सकाळीच तिनं तो घातला. चुलीवर खिरीचं पातेलं होतं. कांता न्हाणीत होती, मी बाहेर झेंडा बांधत होतो. पोरगी वाकून पातेल्यात बघाया गेली अन् फ्राकानं पेट घेतला. सुती कापड जळून गळून पडतं, नायलॉन अंगाला चिकटतं, हे मला तवा ठाऊक न्हवतं. गळा, छाती, हनुवटी, खालचा गाल. हे बी माझंच म्हणा, फ्राक मीच आणल्ता. पण त्याचं मला इतकं लागत न्हाई, तो अपघात होता. पुढचा अपघात न्हवता.

जालन्याच्या दवाखान्यात जखमा भरल्या, पोरगी वाचली. पण जखम जसजशी सुकली तसतशी मान खाली ओढायला लागली. हनुवटी छातीला टेकली, खालचा ओठ उलटला, तोंडातून लाळ गळायची, अन् वर बघायचं म्हणलं तर तिला कमरेतून मागं वाकावं लागायचं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, संभाजीनगरला जा, प्लास्टिक सर्जरी करावी लागंल. आमच्या घरात तो शब्द पहिल्यांदाच आला. माझी थोरली बहीण, अक्का, आष्टीलाच दिलेली, ती म्हणली, का रं उत्तम, प्लास्टिक बसवल्यावर पोरगी उन्हात कशी जाईल, वितळंल की. तिच्या शेजारची गयाबाई म्हणली, आगं हिरॉइनी बसवत्यात नाकाला, त्या कुठं वितळत्यात. अक्का म्हणली, त्या कुठं उन्हात जात्यात. हसावं का रडावं. मला बी वाटलं, आपण पट्टी गुंडाळतो तसलं काहीतरी असंल.

संभाजीनगरच्या दवाखान्यात एक वयस्कर डॉक्टर होते. त्यायनं मला बसवून समजावलं. म्हणले, यात प्लास्टिक नसतंय बाबा, कुंभार मातीला आकार देतो तसं अंगाला आकार देणं, म्हणून ते नाव. कोणाचं जळलेलं, कोणाचं तुटलेलं, कोणाचा जन्मताच फाटलेला ओठ, ते नीट करायचं, अन् कोणाला आहे तेच नाक आवडत न्हाई, तर तेही. हात तोच, काम तेच. मंग म्हणले, तुझ्या पोरीच्या मानेवरचं आखडलेलं मोकळं करायचं, तिथं उघडी जागा राहील, त्याच्यावर तिच्याच मांडीचं पातळ कातडं सोलून लावायचं, ते तिथं धरंल. मी म्हणलं, म्हणजे कलम. डॉक्टर हसले, म्हणले, बराबर, कलमच. ते त्यायनं मला समजावं म्हणून म्हणलं, चांगल्या मनानं. पण माझ्या डोक्यात ते असं बसलं की मला वाटलं, हे तर आपल्याला येतंय.

ऑपरेशन झालं. पोरीच्या खांद्याखाली उशी, मान मागं टाकलेली, गळ्यावर ही एवढी जाड पट्टी. बोलायचं न्हाई, चावायचं न्हाई, मान हलवायची न्हाई, नुस्ती पातळ पेज. डॉक्टरनं आम्हा दोघांना बजावून सांगितलं, पट्टी आम्हीच उघडू, कोणी हात लावायचा न्हाई. कांता रात्रभर तिच्या डोक्याशी बसायची, दोन्ही हातांनी डोकं धरून, पोरगी झोपंत वळू नये म्हणून. मी दिवसा बसायचो.

दुपारची वेळ होती, ऊन कडक. कांता कपडे धुवाया खाली गेल्ती. पोरगी औषधाच्या गुंगीत. मी तिच्या गळ्याकडं बघत बसलो अन् मला पट्टीच्या कडंला ओल दिसली. वाकून बघितलं तर वास आला. आंबूस, कोंदट. काय सांगू तुम्हाला, इतक्या वर्षांचं माझं नाक, ते दुसरं काही सांगतच न्हवतं. पाणी शिरलं, कुजतंय, सोड. सिस्टरला हाक मारायला पाहिजे होती, दरवाज्यापाशीच बसल्या होत्या त्या. पण मला वाटलं, त्या म्हणतील तुला काय कळतंय, अन् तेवढ्यात जाईल कलम. मी पट्टीची एक कड सोडली. खालची औषध लावलेली जाळी उचलली. ती चिकटून बसली होती, मी हळूच ओढली, नखानं, पट्टी सोडतो तशी. अन् जाळीबरोबर कातडं उचललं गेलं. पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. खालून रक्त पाझरलं. कातड्याचा रंग बघितला, जांभळट, काळपट. मी म्हणलं, झालं, गेलं, आधीच गेलेलं हाय. थोडी फुंकर घातली. मंग ते कातडं बोटानं परत दाबून बसवलं, जाळी ठुली अन् पट्टी होती तशी बांधली. होती तशी म्हणजे बिलकुल तशी, सिस्टरला बी ओळखू आली न्हाई. ते काम मला चांगलं येतंय.

कांता वर आली. म्हणली, काही हवं होतं का हिला. मी म्हणलं, न्हाई.

डॉक्टरनं पट्टी उघडली त्या दिवशी अर्ध्याहून जास्त कातडं गेलेलं होतं, खाली रक्त साचून काळं झालेलं. डॉक्टरनं आमच्याकडं बघितलं. म्हणले, कोणी हात लावल्ता का. मी म्हणलं न्हाई. कांता म्हणली न्हाई. सिस्टर कांताकडं वळली, म्हणली, रात्री झोपलीस ना तू, पोरीनं मान फिरवली, सांगितल्तं ना तुला. कांता म्हणली, न्हाई हो ताई, मी न्हाई झोपले. सिस्टर म्हणली, झोपच ती, कळती का कधी लागली. अन् मी तिथंच, खाटंच्या पायाशी उभा. मला त्या वेळी बोलता आलं असतं. तोंड उघडायचं एवढंच काम होतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं.

गावाकडं गेल्यावर समदे इचारायला लागले, काय झालं, एवढं ऑपरेशन करून मान तशीच कशी. कांतावर बोट जाऊन राह्यलं होतं ते मला दिसत होतं, म्हणून मी एक वाक्य काढलं. म्हणलं, तिच्या अंगाला धरत न्हाई कलम. काही काही खुंट असतोच तसा, कितीबी चांगला डोळा भरा, धरत न्हाई. कलमाचा जाणकार मीच, माझ्या शब्दावर कोण शंका घेईल. मला वाटलं, कोणावरच दोष न्हाई, कांता सुटली, मी बी सुटलो. पण लोकांनी दोन्ही ठेवलं. अंगाला धरत न्हाई हे बी, अन् कांता झोपली हे बी. अक्का तर प्रत्येक कार्यक्रमात कोणी ना कोणी पाहुण्याला सांगायची, आमच्या भावजयीचा डोळा लागला अन् लेकराच्या गळ्याचं वाटोळं झालं. कांता पुढं पुढं बोलायचीच बंद झाली त्यावर. आवाज येत न्हाई म्हणायची ना माझ्याबद्दल, तिचा बी बंद झाला.

पोरगी त्या मानंनंच मोठी झाली. ऑपरेशननं थोडी सुटल्ती, ती वाढत्या वयात परत आखडली. शिकली, पदवी घेतली. एका बियाण्याच्या कंपनीत नोकरी हाय तिला, बी उगवतं का न्हाई ते तपासायचं काम, खाली मान घालून ओल्या कागदावरचे कोंब बघायचे. ती म्हणती, माझ्यासाठीच काढलंय हे काम. तिला असं बोलायची सवय हाय. एकदा लग्नात एक म्हातारी तिच्याकडं बघून म्हणली, किती सोज्वळ हाय गं लेकरू, मान वर करून बघत न्हाई. सुजा म्हणली, मावशी, होतच न्हाई. म्हातारीला काही समजलं न्हाई, ती परत म्हणली, असंच पाहिजे.

मागच्या काही वर्षांत तिला त्रास वाढला. मान सारखी ओढलेली, म्हणून पाठ दुखायची, हाताला मुंग्या यायच्या, दात नीट बसायचे न्हाई. जालन्यात एक शिबिर झालं, संभाजीनगरच्या एक डॉक्टरबाई आल्त्या, प्लास्टिक सर्जरीच्याच. कांतानं धरून नेलं सुजाला, मी बी संगं होतो. बाईनं मान चाचपली, तोंड उघडायला लावलं, म्हणल्या, हे करता येईल, अजून बी चांगलं होईल, पण लांबवू नको, मणक्यावर येऊन राह्यलंय. सुजा म्हणली, मला न्हाई करायचं, माझ्या अंगाला कलम धरत न्हाई. बाईनं चश्मा काढला. म्हणल्या, हे कोणी सांगितलं तुला. सुजा म्हणली, लहानपणी केल्तं, धरलं न्हाई. बाई म्हणल्या, कातडं तुझं, अंग तुझं, न धरायला ते काय परक्याचं हाय का. पहिल्या वेळी काहीतरी हललं असंल, घसरलं असंल. अन् त्यायनं आमच्याकडं बघितलं. कांतानं खाली बघितलं. म्हणली, माझा डोळा लागला असंल.

असंल. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून मी ते ऐकलं. ती सुरुवातीपासून न्हाईच म्हणत आल्ती. अन् मी तिथं बी गप्प.

सुजा मानायलाच तयार न्हवती. म्हणायची, परत मांडी सोलायची, परत तसंच पडून राह्यचं, अन् शेवटी तेच. एकदा सहन केलं, आता न्हाई. कंपनीतल्या मैत्रिणी सांगायच्या, नवीन पद्धती आल्यात. ती म्हणायची, पद्धत नवीन असंल, अंग जुनंच हाय. बाईनं दिलेला दिवस निघून गेला. रोज सकाळी ती उठायची तवा मानेला हात लावून आधी बसून राह्यची, मंग उठायची. मी बघायचो. मला ठाऊक होतं की ती एका खोट्या गोष्टीपायी न्हाई म्हणून राह्यली हाय, अन् ती खोटी गोष्ट माझी हाय.

एका रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. कांता परत तेच काढून बसली, की एकदा जाऊन तर ये बाईकडं. सुजा शांतपणं म्हणली, आई, तू स्वतःला दोष लावून घेती म्हणून मागं लागती ना माझ्या. तुझा काही दोष न्हाई. तू झोपली असती काय अन् जागी राह्यली असती काय, माझं अंगच तसलं, बाबानं सांगितलंय ना. मी म्हणलं ना तुम्हाला, कांता सुटावी म्हणून ते वाक्य काढल्तं. तेच आता पोरगी तिच्या आईला औषधासारखं देऊन राह्यली होती. माझ्या हातातली भाकरी मी ताटात ठुली.

म्हणलं, सुजा, तुझं अंग चांगलं हाय. पट्टी मी उघडल्ती.

मंग समदं सांगितलं. ओल, वास, जाळी, पापुद्रा, परत बांधलेली पट्टी, खिडकी. एकदा सुरू केल्यावर लई वेळ लागला न्हाई. जे इतकी वर्षं ठेवलं ते सांगायला वरणाचं पातेलं गार होईपर्यंतचाच वेळ लागला.

कांता उठली न्हाई, ओरडली न्हाई. ताटाकडं बघत म्हणली, मी झोपले न्हवते. मला ठाऊक होतं मी झोपले न्हवते. पण तुम्ही समदे म्हणलात, मंग मला बी वाटाया लागलं, झोपलेच असंन. एवढं म्हणून तिनं सुजाच्या ताटात वरण वाढलं.

सुजानं मला एकच इचारलं. म्हणली, कातडं उचललं तवा रंग कसा होता. मी म्हणलं, जांभळट, काळपट. कलमात असा रंग म्हणजे गेलेलं. ती म्हणली, कलमात.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुट्टी घेऊन ती एकटीच संभाजीनगरला गेली, त्याच बाईकडं. संध्याकाळी आली, चप्पल काढता काढता म्हणली, बाबा, पहिल्या दिवसांत लावलेलं कातडं तसंच दिसतं. जांभळट. मंग गुलाबी होत जातं. पांढरं फटक पडलं असतं तर गेलं म्हणायचं. अन् वास तर पट्टीला येतोच. जिवंत होतं ते. रागानं म्हणली असती तर बरं झालं असतं. तिच्या कामातला निकाल सांगती तशी सांगून गेली, अन् हात धुवाया गेली.

म्हणजे मी उघडेपर्यंत ते धरलं होतं. तेवढं मला ठाऊक न्हवतं. मला आतापर्यंत वाटायचं, जाणारं होतंच, मी फक्त बघितलं.

सुजानं ऑपरेशनला होकार दिला. तिनं एक अट घातली, कांतानं एक. सुजाची अट, बाबा वॉर्डात येणार न्हाई. मी म्हणलं बराबर हाय. कांताची अट अशी की तुम्ही आष्टीला जायचं अन् अक्काला सांगायचं, मी झोपले न्हवते म्हणून. नुस्तं अक्काला न्हाई, जिथं जिथं तिनं सांगितलं तिथं. मी म्हणलं, फोन करतो. ती म्हणली, तिनं काय फोनवर सांगितल्तं का लोकांना.

गेलो. अक्का आता थकली हाय, पण तोंड तसंच. समदं ऐकून घेतलं अन् म्हणली, एवढ्या वर्षांनी कशाला उकरून काढतो, झालं गेलं. मी म्हणलं, अक्का, तुझं झालं गेलं, तिचं न्हाई झालं. अक्का म्हणली, मी काय तिच्या वाईटावर होते का, जे ऐकलं ते बोलले. मी म्हणलं, जे ऐकलं ते माझं होतं, ते खोटं होतं, आता हे ऐक अन् हे बी तसंच सांग समद्यांना. शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या, त्यांच्यासमोर परत सांगितलं. माझी मान इतकी खाली गेल्ती की मला सुजाची आठवण आली. घरी आलो तर कांतानं इचारलं, सांगितलं का. म्हणलं सांगितलं. कोणकोण होतं. मी नावं घेतली. ती म्हणली, गयाबाई होती का. म्हणलं, न्हाई, ती लेकीकडं गेल्ती. कांता म्हणली, मंग परत जावं लागंल, सगळ्यात जास्त तीच फिरती. गेलो परत.

ऑपरेशनच्या वेळी मी दवाखान्याच्या खालच्या बाकावर बसायचो. डबा आणायचो, कांता जिन्यापर्यंत यायची, डबा घ्यायची, पातळ पेज हाय ना इचारायची अन् वर जायची. पोरगी कशी हाय ते मी इचारलं तर सांगायची, न्हाई इचारलं तर न्हाई. त्या बाकावर तऱ्हेतऱ्हेचे लोक यायचे. लोखंडाच्या कारखान्यात बोटं चिरडलेला एकजण, फाटल्या ओठाचं लेकरू घेतलेली एक बाई, अन् एक पोरगी नुस्तं नाक सरळ करायला आलेली, नाकाला काही झालेलं न्हवतं, बापाशी भांडून आल्ती. भोकरदनचा एक पोरगा होता, लग्न ठरल्तं अन् टक्कल पडत आल्तं. तो मला म्हणला, काका, मागचे केस काढून पुढं लावत्यात, रोपं लावल्यासारखे, धरत्यात म्हणं बराबर. मी म्हणलं, धरतील, पण तू हात नको लावू. तो हसला. म्हणला, तुम्ही डॉक्टर हाय का. मी म्हणलं, न्हाई, डॉक्टर न्हाई मी.

पट्टी उघडायच्या दिवशी सकाळपासून खालीच होतो. मला वर बोलावलं न्हाई, मी गेलो बी न्हाई. दुपार झाली. कांता जिन्यावर आली, मी डबा आणला न्हवता तरी आली. वरच्या पायरीवरूनच म्हणली, बसलंय. समदं बसलंय. एका कडंला थोडं राह्यलंय ते भरून येईल म्हणत्यात. अन् उभी राह्यली. मी बी उभा राह्यलो. मंग ती म्हणली, जेवलात का. त्या दवाखान्यात आल्यापासून तिनं मला पहिल्यांदा ते इचारलं.

बाईनं सुजाला सांगितलं, आता मान सुटली, पुढं ओठाचं करू, गालावरचे डाग बी बऱ्यापैकी उतरवता येत्यात. अक्काचा आष्टीहून निरोप आला, चेहरा करून घे म्हणावं, म्हणजे स्थळ बघायला बरं. सुजा म्हणली, ओठ करून घेईन, पाणी सांडतंय माझं. गालाचं बघू. तो गाल मी रोज बघते, मला काही करत न्हाई तो. आत्याला म्हणा, तिला दिसत असंल तर तिनं चश्मा बदलावा.

आता ती कामावर जाती परत. कातडं धरलं तरी ते आखडायला बघतं, म्हणून गळ्याला पट्टा बांधून ठेवावा लागतो महिनोन्महिने, रोज काढायचा, तेल चोळायचं, परत मागून बांधायचा. ते कांता करती. मी तिकडं बघत बी न्हाई, ती पट्टा काढती तवा मी बाहेर जातो. कोणी सांगितलं न्हाई, मीच जातो. घरात पहिल्यापेक्षा जास्त बोलणं हाय असं न्हाई. कांता माझ्याशी कामापुरतं बोलती, कधी कधी त्याच्याहून थोडं जास्त. तिनं मला माफ केलं का, ते मी इचारलेलं न्हाई. इचारलं तर तिला हो म्हणावं लागंल, अन् ते बी परत माझ्यासाठीच झालं.

मागच्या आठवड्यात तिच्या माहेरी कोणी वारलं म्हणून कांता भोकरदनला गेली. सकाळी मी अंगणात होतो. सुजा आवरून बाहेर आली, हातात पट्टा. कामाची वेळ झाल्ती. थोडा वेळ तशीच उभी राह्यली, मंग माझ्याकडं पाठ करून बाजंवर बसली, केस बाजूला घेतले.

म्हणली, बाबा, बांधा. नुस्तं बांधायचं. बघायचं न्हाई.

मी हात धुतले. पट्टा घेतला, पुढून तिनं धरला, मागून मी बांधला. गाठ पहिल्यांदा बसली न्हाई, परत सोडून बांधली. झाल्यावर मी इचारलं, घट्ट तर न्हाई झालं. तिनं मान थोडी डावीकडं, थोडी उजवीकडं करून बघितली.

म्हणली, बराबर हाय. अन् कामाला गेली.